मागचा ब्रेक मी घरी केला : पेण, धरमतर, रोहा आणि परत

फिरायचं म्हणून मी या वेळी निघालेच नव्हते. निघाले ते गाडी वाचवायला.

गाडी म्हणजे आमच्या बाबांची शंभर सीसीची जुनी काळी मोटरसायकल. टाकीला एक पोचा आहे आणि सीट दोनदा शिवून घेतलेली आहे. हा ब्लॉग वाचणाऱ्यांनी तिला पाहिलंय, माझ्या निम्म्या फोटोंत ती कोपऱ्यात उभी असते. बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ती मीच चालवते. तर माघी गणपती आमच्या कारखान्यातून रवाना झाले, जरा श्वास घ्यायला फुरसत मिळाली, आणि बाबांनी जेवताना भाताचा घास कालवत जाहीर केलं, "ती गाडी मी नीलेशला देऊन टाकणार हाय."

नीलेश माझा आतेभाऊ. रोह्याला लागून वरसे आहे, तिथे राहतो आणि जवळच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. त्याला गाडी हवी आहे हे मला माहीत होतं. आमचीच हवी आहे हे माहीत नव्हतं.

"मग मी काय चालवू?" मी विचारलं.

"तुला चालवता येते गो, सांभाळता येत नाय," बाबा म्हणाले. "जरा कुठे कुरकुरली की पळालीस गॅरेजवर. माणसाला आपल्या गाडीचा निदान ब्रेक खोलता आला पाहिजे. ज्याला ब्रेक कळत नाय त्याने गाडीवर बसू नये."

"आणि मी घरच्या घरी ब्रेक करून दाखवला तर?"

बाबांनी ताक प्यायलं, वाटी खाली ठेवली. "तर ठेव तुला."

म्हणून हा लेख आधी ब्रेकचा आहे आणि मग प्रवासाचा. ज्यांना फक्त रोह्याला कसं जायचं एवढंच हवंय त्यांनी पाच परिच्छेद गाळून खाली उतरावं, मला राग येणार नाही.

आमच्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. डिस्क वगैरे लाड नाहीत. मी मागचा करायचं ठरवलं, कारण मोबाइलवर शोधलेल्या व्हिडिओतल्या माणसाने मागचाच केला होता. गाडी डबल स्टँडवर घ्यायची. ब्रेकच्या पायपट्टीपासून मागे जो रॉड जातो त्याच्या टोकाचा नट काढायचा, प्लेटला धरून ठेवणारी पट्टी सोडवायची, मग चाकाचा मोठा नट काढून मधला दांडा बाहेर ओढायचा. एवढं झालं की चाक हातात येतं आणि त्याच्या पोटातून झाकणासारखी प्लेट निघते. त्या प्लेटवर चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू असतात, दोन स्प्रिंगांनी एकमेकांना धरून बसलेले. पाय दाबला की ते फाकतात आणि ड्रमला आतून घट्ट धरतात. आत काळी धूळ असते. ती फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. शूवरचा थर झिजून धातू दिसायला लागला असेल तर मुकाट्याने नवे घ्यायचे. आमचे जाड होते.

आणि मग व्हिडिओतला माणूस म्हणाला, "पॉलिश पेपरने जरा घासून घ्या."

आता आमच्या घरात गव्हाच्या पिठापेक्षा पॉलिश पेपर जास्त. आम्ही गणपती करतो. बाबांचं काम फिनिशिंगचं. साच्यातून निघालेली मूर्ती त्यांच्याकडे येते आणि ते तिचे सांधे, खडे, ओरखडे घासत बसतात. आधी मोठा पेपर, मग मधला, मग झिरो नंबर, आणि शेवटी मऊ फडक्यात बांधलेली शंखजिऱ्याची पुरचुंडी. शंखजिरं म्हणजे दगडाची पांढरी, लोण्यासारखी भुकटी. ती फिरवली की मूर्तीच्या गालाला हात लावावा तर बोट घसरतं. मी रंगकाम करते, पण घासायचं काम लहानपणापासून हातात बसलंय. पॉलिश पेपर हातात आला की माझा हात आपोआप तसाच चालतो.

मी अंगणात शू घासत बसले. बाबा चहाचा कप घेऊन शेजारी स्टुलावर. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला, शूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथे लागतंय हाताला." मी घासलं. "कडेला राहिलंय बघ." मी घासलं. झिरो नंबर मारला. मग त्यांच्याने राहवेना. उठले, आतून पुरचुंडी घेऊन आले, शूवर शेवटचा हात त्यांनी स्वतः फिरवला, ड्रमच्या आतूनही फिरवला, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "आता झाला."

हे दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. म्हणजे बाबांच्या तोंडून मूर्तींबद्दल ऐकले होते, स्वतःच्या. माझ्या कामाला ते "चालेल" म्हणतात. फार खूश असले तर "बरं हाय". मी चाक बसवताना तोंड खाली घातलं होतं, कारण मला इतका आनंद झाला होता की तो त्यांना दिसू नये असं वाटत होतं. नट आवळले, पायपट्टी बोटभर खाली जाईल एवढी ढील ठेवली, चाक हाताने फिरवून पाहिलं, मागचा लाल दिवा लागतो का पाहिलं. गल्लीत एक चक्कर मारली. हळू चालवताना गाडी थांबली. मी विचार केला, उद्या सकाळी अशीच वरसेला जाते, आत्याच्या दारात गाडी उभी करते आणि नीलेशला तोंडावर सांगते की ही द्यायची नाही.

पेण ते रोहा अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वडखळ, नागोठणं, मग हायवे सोडून भिसे खिंडीतून रोहा. मध्ये वडखळहून धरमतरला जाऊन यायचं असेल तर थोडं वाढतं. सकाळी निघा. हायवेबद्दल मी काही लिहीत नाही, आज जो भाग गुळगुळीत आहे तो तुम्ही जाल तेव्हा खणलेला असेल.

पहिली गडबड वडखळच्या अलीकडे. समोर गतिरोधक दिसला, मी मागचा ब्रेक दाबला, आणि गाडी काहीच न ऐकल्यासारखी पुढे गेली. म्हणजे थोडी हळू झाली, पण मनापासून नाही. मी गतिरोधकावरून उडाले, पाठीवरची बॅग माझ्या डोक्यावर आली. आवाज नाही, खरखर नाही, काही नाही. नवीन काम आहे, बसायला वेळ लागेल, असं मी स्वतःला समजावलं आणि वडखळला चहा-वडापाव घेतला. टपरीवाल्याला सहज विचारलं. "धूळ गेली असंल आत," तो म्हणाला. मी कालच तर धूळ काढली होती.

धरमतरला मी दर वेळी वळते. खाडीत उभे असलेले मालवाहू बार्ज, पलीकडची मिठागरं, आणि रस्त्याच्या कडेला टांगलेल्या पांढऱ्या कांद्यांच्या माळा. या दिवसांत कांदा नुकताच यायला लागलेला असतो. आत्यासाठी दोन माळा घेतल्या, भाव करायचा विसरले, कारण माझं सगळं लक्ष उजव्या पायात होतं. जेट्टीच्या अलीकडे रस्ता जरा मोकळा आहे. तिथे मी गाडी पळवायची आणि दाबायची, पळवायची आणि दाबायची, असं करत होते. एक बाई केव्हाची उभी राहून पाहत होती. डोक्यावर रिकामी पाटी, पायाला वाळलेला खाडीचा चिखल.

"काय गो पोरी, काय हरवलाय?" तिने विचारलं.

"ब्रेक लागत नाही मावशी."

"मिठागराची हवा हाय ही. लोखंड खाते. आमच्या दाराच्या कड्या वर्षाला बदलाव्या लागतात." मग ती गाडीजवळ आली. "वडखळपातूर सोडशील?"

"मावशी, ब्रेकचा भरवसा नाही म्हणते ना मी."

"माझ्या जावयाच्या गाडीलाबी नाय," ती म्हणाली आणि बसायलाच लागली. मी खरंच हात जोडले. ती हसली, म्हणाली, "बरं बरं, तू आधी जा, मी मागून रिक्षानं येते," आणि खरोखर वडखळच्या नाक्यावर मी पाणी पीत उभी असताना तिची रिक्षा माझ्या पुढून गेली. तिने हात केला. म्हणजे मी किती हळू आले असेन याचा अंदाज घ्या.

आता डोक्यात धूळ आणि मीठ दोन्ही होतं. वडखळ आणि नागोठण्याच्या मध्ये एका पंपावर पेट्रोल भरलं. पेट्रोल भरणाऱ्याने माझी तक्रार ऐकून घेतली आणि फार आत्मविश्वासाने सांगितलं, "केबल ओढून घ्या मॅडम." माझ्या मागच्या ब्रेकला केबल नाही, रॉड आहे. मी वाकून दाखवला. "मग रॉड ओढून घ्या," तो तितक्याच आत्मविश्वासाने म्हणाला. मी पाना काढून नट आवळला. पुढे गेले तर चाक जड झालं, ड्रमला हात लावला तर चटका बसला, आणि दाबल्यावर गाडी थांबते का, तर पुन्हा तेच. जखडतोय पण थांबवत नाही, हे काय प्रकरण असतं? पुन्हा खाली उतरून नट ढिला केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मी वडखळलाच मागे फिरायला हवं होतं. तुमच्या गाडीचा ब्रेक असा वागला तर पुढे जाऊ नका, मिळेल ते गॅरेज गाठा. मी गाठलं नाही, कारण गॅरेजवर गेले असते तर बाबांचं म्हणणं खरं झालं असतं आणि गाडी गेली असती. आणि मागे फिरले असते तर बाबांना काय सांगणार? तुम्ही "झाला" म्हणालात, तो झाला नाही? चूक माझी आहे की त्यांची, हेच कळत नव्हतं. काम मी केलं, पण पसंत त्यांनी केलं. आणि काम तर चांगलंच झालं होतं. मी माझ्या हाताने पाहिलं होतं.

नागोठण्याला हायवे सोडला की रस्ता सुंदर आहे. दोन्हीकडे भात कापून झालेली शेतं, त्यात वाल लावलेला. शेंगा भरल्या होत्या. एका शेताच्या बांधावर आदल्या संध्याकाळी मडक्यात शेंगा भाजून केलेल्या पोपटीची राख आणि काळं पडलेलं मडकं होतं. एरवी मी तिथे थांबून फोटो काढले असते. भिसे खिंड चढताना ब्रेकचा विचार करावा लागत नाही म्हणून मी अगदी आनंदात होते, गाणं म्हणत होते. मग चढ संपला.

उतारावर मी दुसऱ्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक हलक्या हाताने दाबत, मागच्यावर जवळजवळ उभी राहून खाली आले. मला भीती वाटली. बाबांची गाडी मोडेल याची आधी, आणि माझी नंतर, असा क्रम होता हे मला आता आठवतं. एका वळणानंतर पेंढ्याने शिगोशीग भरलेला टेम्पो उभा होता. ड्रायव्हर चाकाला दगड लावत होता. मी पुढचा ब्रेक दाबला, पाय जमिनीला घासले, आणि गाडी पेंढ्यात शिरून थांबली. अगदी अलगद. हेडलाइट पेंढ्याच्या आत.

ड्रायव्हर आला, त्याने आधी पेंढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, येवढी काय घाई हाय?"

"घाई नाही हो, ब्रेक नाही."

"ब्रेक नाय तर खिंडीत कशाला आलाव?"

मी गाडी मागे रेटायला लागले. त्याने मला दंडाला धरून गाडीसकट मागे ओढलं, माझ्या केसांतला पेंढा दाखवला, आणि पुढचा सगळा उतार तो माझ्यापुढे हळूहळू टेम्पो चालवत राहिला. पुन्हा ठोकलीच तर पेंढ्यातच ठोकावी, असा त्याचा हिशेब असावा. रोह्यात शिरताना त्याने हॉर्न वाजवून निरोप घेतला. मी नावही विचारलं नाही.

वरसेला आत्याच्या दारात मी ठरवल्याप्रमाणे गाडी उभी केली. ठरवलेलं वाक्य मात्र तोंडातून निघेना. आत्या ओटीवर आली. "प्राचे! ये गो ये. एकटीच आलीस? ह्या गाडीवर? आणि डोक्यात काय हाय?" तिने पेंढा काढला, कांद्याच्या माळा घेतल्या, वास घेऊन पाहिल्या. आतून नीलेश आला, तिसरी शिफ्ट करून झोपलेला, डोळे चोळत. गाडी पाहून त्याची झोप उडाली.

"ताई, जरा एक चक्कर मारू?"

नको कसं म्हणणार? मी फक्त "हळू जा, पुढचाच ब्रेक धर" म्हटलं. तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि ढकलत घेऊन आला.

"मागचा ब्रेक नुसता शोभेला हाय," तो म्हणाला. मग माझं तोंड पाहून त्याचा आवाज मऊ झाला. "तू ही इथेच ठेव. वळणावर गॅरेज हाय, मी करून घेतो. तू एसटीनं जा. मामाला काय सांगायचं ते मी सांगतो."

नीलेश वाईट मुलगा नाही. तो चेष्टा करत असता तर मला भांडता तरी आलं असतं. तो खरंच काळजीने बोलत होता, आणि त्याच्या काळजीत गाडी त्याची झाली होती. मी म्हटलं, "आधी मी जेवते. मग बघू."

आत्याकडे वालाचं बिरडं होतं. मोड आणून, एकेक दाणा सोलून करतात ते. वाटण करायचं राहिलं होतं आणि लाइट गेलेली, मिक्सर मुका. "ये गो, जरा पाट्यावर वाटून दे," आत्या म्हणाली. "माझा खांदा धरलाय."

मी पाट्यापुढे बसले. खोबरं, लसूण, मिरची ठेवली, वरवंटा ओढला. मिरची अख्खीच्या अख्खी पुढे घसरली. पुन्हा ओढला. खोबरं पाट्यावरून खाली. वाटल्यासारखं काही होईना, सगळं नुसतं इकडून तिकडे पळत होतं. आधी ब्रेक, आता वाटण. आज माझ्या हाताला झालंय तरी काय?

"तुझा हात नाय, तो पाटाच तसा झालाय," आत्या चुलीजवळून म्हणाली. "घासून घासून काचेसारखा झाला. आधी टाकीवाली यायची दारावर. छिन्नी-हातोडी घेऊन बसायची, टक टक टक करून पाट्याला खडबडीत करून जायची. मग बघ कसा धरायचा मिरचीला. आता ती येत नाय. दिसायला बघ कसा चकचकीत दिसतोय, आणि कामाला नाय."

मी वरवंटा हातात धरून तशीच बसले. पाट्यावरून अंगठा फिरवला. हाताला काही लागत नव्हतं. कुठेच काही राहिलं नव्हतं.

मग मी उठले आणि मिरचीचे हात न धुताच बाहेर पळाले. नीलेशला हाक मारली, पाने मागितले, डोळ्याला हात लावला, बोंबलले, हात आणि डोळे धुतले, आणि अंगणात चाक काढलं. प्लेट उघडली. दोन्ही शू झळकत होते. आमच्या कारखान्यातल्या सगळ्यात महागड्या मूर्तीचा गाल असतो तसे. कडेच्या खाचेत शंखजिऱ्याची पांढरी रेघ बसली होती. ड्रमच्या आतसुद्धा बोट फिरवलं तर बोट पांढरं आणि घसरडं. आम्ही बापलेकीने मिळून ब्रेकला पावडर लावली होती.

"हे काय केलंय?" नीलेशने विचारलं.

"फिनिशिंग," मी म्हटलं.

मला हसू यायला हवं होतं. आलं ते रडू. कालपासून जे मी मनातल्या मनात मिरवत होते ते काम, बाबा ज्याला "झाला" म्हणाले ते एकमेव काम, मला आता खरवडून काढायचं होतं. आणि तेच बरोबर होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात ते मला त्या अंगणात कळलं नाही आणि अजूनही नीट कळलेलं नाही.

हार्डवेअरचं दुकान नदीपलीकडच्या अष्टमी गावात होतं. नीलेश आणि मी रिक्षाने कुंडलिकेचा पूल ओलांडून गेलो. पाणी बरंच होतं, काठावर बाया गोधड्या धूत होत्या. हार्डवेअरवाल्याला मी म्हटलं, "पॉलिश पेपर द्या. खरखरीत. असेल तेवढा खरखरीत." पेणच्या कारखान्यातली मुलगी आयुष्यात असं काही मागत नाही. मला उगाच चोरटं वाटलं. त्याने दोन-तीन काढून पुढे टाकले, मी अंगठ्याने पाहिले आणि ज्याने अंगठा ओरबाडला तो घेतला.

परत येऊन ड्रम साबणाच्या पाण्याने धुतला, उन्हात कोरडा केला. शू घासायला घेतले. तीन-चार हात मारले की थांबायचं होतं, आणि थांबणं हेच अवघड होतं. माझा हात पुढचा नंबर शोधत होता. शूवर बारीक ओरखडे उठले, चमक गेली, रंग फिका आणि खडबडीत झाला. आमच्याकडे अशी मूर्ती कुणी केली असती तर बाबांनी ती उचलून परत त्याच्या पुढ्यात ठेवली असती. खाचेतली पांढरी रेघ फडक्याने पुसून काढली. शू फाकवणाऱ्या खिळीला ग्रीसचं बोट लावलं, शूला लागू दिलं नाही. चाक बसवलं. रॉडचा नट पुन्हा बोटभर ढील ठेवून आवळला.

नीलेशला मागे बसवलं आणि वरसेच्या रस्त्यावर गाडी काढली. आधी हळू दाबलं. "खर्र" असा आवाज आला. असा छान आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. मग जरा वेगात दाबलं, आणि नीलेशची हनुवटी माझ्या हेल्मेटवर आपटली.

"लागला," तो म्हणाला, हनुवटी चोळत. "म्हणजे गाडी आता मला नाय."

मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, आणि आनंदही झाला. तेही एकदमच.

जेवण झालं. वाटण शेवटी आत्याने शेजारणीच्या खलबत्त्यात कुटून आणलं. बिरडं, तांदळाची भाकरी आणि मी आणलेला पांढरा कांदा. रोह्याला गेलात तर पोहे घेऊन या. धावीर महाराजांच्या देवळात पाच मिनिटं टेका, आणि उन्हं उतरायच्या आत खिंड ओलांडा. परतताना मी भिसे खिंडीत मुद्दाम दोनदा थांबले, नुसती थांबता येतं म्हणून.

पेणला पोचले तेव्हा बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. दुपारपासून बसले असावेत, पायाशी दोन रिकामे कप होते.

"ब्रेक कसा लागला?"

मी हेल्मेट काढता काढता विचार करत होते. "छान" म्हटलं तर तो "झाला" माझ्याकडे राहणार होता. आणि खरं सांगितलं तर गाडी राहील की जाईल याची खात्री नव्हती.

"नव्हता लागत," मी म्हटलं. "खिंडीत मी पेंढ्याच्या टेम्पोत घुसले." बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मी त्यांना बसवलं. "मला काही झालं नाही. गाडीलाही नाही. तुमचं शंखजिरं पुसून काढलं, शू खरवडले, मग लागला. ब्रेकला खरखर लागते बाबा. आपण त्याचा गणपती केला."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "मग घासताना बोलली का नाय?"

"मला कुठे माहीत होतं?"

"मला वाटलं तुला माहीत हाय. व्हिडिओ तू बघितलास."

"आणि मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही अंगठा फिरवून बघत होता. तुम्ही आजपर्यंत कितीदा ब्रेक खोललात बाबा?"

त्यांनी गुडघ्यावरचा टॉवेल झटकला, पुन्हा घडी घातली, पुन्हा ठेवला. "मी कशाला खोलू? गाडी घेतली तेव्हापासून गॅरेजवालाच खोलतो."

मग मला आधी हसू फुटलं. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता आणि ते गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहत होते. "येवढ्या उतारावर," ते म्हणाले. "मीच पुरचुंडी आणली." मी खाली बसले आणि त्यांचा हात धरला. एरवी आमच्या घरात कोणी कोणाचा हात धरत नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, "नीलेशला फोन लावून दे." मी लावून दिला. बाबा मोठ्याने बोलतात, समोरच्याला फोनशिवायही ऐकू जाईल असं. "नीलेश, गाडी द्यायची नाय. व्हय. तिला ब्रेक कळतो. तुला दुसरी बघू, मी येतो तुझ्याबरोबर." थोडं थांबून, "नाय रे, मला नाय कळत. तीच बघील."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं चाक काढलं. बाबा स्टुलावर. मी अष्टमीचा खरखरीत पेपर त्यांच्या हातात दिला आणि एक शू दिला. त्यांनी तीन-चार हात मारले, अंगठा फिरवला.

"बास, बाबा."

"लागतंय गो हाताला."

"लागू दे."

त्यांनी आणखी एकदा अंगठा फिरवला. मला दिसत होतं, त्यांना ते तसं सोडवत नव्हतं. सगळा जन्म ज्या हाताने खरखर काढली तो हात तिथेच अडून बसला होता. मग त्यांनी शू माझ्याकडे दिला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, मी चाक बसवेपर्यंत.